कपिलेचा गोठा

मागच्या मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा ४५ च्या वर गेलेला, कूलरच्या ताट्यांवरून पाणी ठिबकतंय, घरभर वाळ्याचा ओला वास, आणि माझी नऊ वर्षांची भाची दिवाणावर पालथी पडून रडतेय. आधी वाटलं, ऊन लागलं असेल. मग दिसलं की तिच्या हातात ताईचा मोबाइल आहे आणि पडद्यावर चार ओळींचा निरोप. वर्षभर ती त्यावर शेतीचा एक खेळ खेळत होती. त्यात तिची विहीर होती, कसल्याशा पिवळ्या फळांची अकरा झाडं होती ज्यांना ती संत्रीच म्हणायची, आणि एक पांढरी गाय होती, कपिला. शाळेतून आली की आधी कपिलेला चारा, मग दप्तर जागेवर. त्या दुपारी खेळ उघडला तर एवढंच लिहून आलं की ही सेवा बंद करण्यात आली आहे, आजवरच्या साथीबद्दल आभार. ताई म्हणाली, "अगं, गेमच तर होता नं, दुसरा घेऊ." मीही तसंच काहीसं बोललो. पोरगी उठून बसली, बाहीनं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, मंग ते माझं नव्हतंच का?"

मी तिला खाली नेऊन आइसकांडी घेऊन दिली. उत्तर दिलं नाही.

उत्तर मला माहीत होतं आणि तेच सलत होतं. ते तिचं नव्हतंच. विहीर तिनं खणली, झाडं तिनं लावली, पण ती सगळी दूरच्या कुठल्या तरी यंत्रावर होती आणि हातातला मोबाइल म्हणजे नुसती खिडकी. ज्याची भिंत, त्यानं खिडकी बुजवली. नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगायला माझी जीभ उचलेना, कारण बावीस वर्षांपूर्वी नेमकं हेच माझ्या बाबतीत झालं होतं, आणि त्यात गेलेली वस्तू गायीपेक्षाही जवळची होती.

माझा धंदा डीटीपीचा, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावून देण्याचा. १९९७ पासून नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात लग्नपत्रिका, दिवाळी अंक, वॉर्डातल्या उमेदवारांची पत्रकं आणि तेरवीची कार्डं लावत आलो. त्या काळी संगणकावर मराठी म्हणजे विकत घेतलेला एक प्रोग्रॅम आणि त्याच्यासोबत डोंगल. डोंगल म्हणजे अंगठ्याएवढी राखाडी डबी. ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायची आणि प्रिंटरची केबल तिच्या पाठीत खुपसायची. डबी जागेवर असेल तर अक्षरं उमटणार, नसेल तर नाही. दुकानात संगणक तीन आणि डबी एक, म्हणजे दोन संगणक मराठीपुरते मुके. २००३ च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधल्या आठवड्यात, रात्री वीज कडाडली, व्होल्टेज वर-खाली झालं आणि सकाळी बघतो तर प्रिंटर गेलेला, डबीही गेलेली. ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे पावती घेऊन गेलो. तो म्हणाला, नवीन घ्यावं लागेल, पूर्ण किमतीला. दिवाळी अंकाचं काम अर्ध्यावर होतं, हातात तेवढे पैसे नव्हते, पण पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणानं. त्या संगणकात बाबांचं पुस्तक होतं.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती मिल. निवृत्त झाल्यावर त्यांनी चार दोनशेपानी वह्यांमध्ये तिथल्या आठवणी लिहून काढल्या: कुठल्या खात्यात कुठला माग, धोटा निसटला की कसा गोळीसारखा जायचा, रातपाळीच्या डब्यात काय असायचं, संपाच्या महिन्यात कोणी कोणाला पीठ दिलं. मी रोज दुकान बंद केल्यावर दोन-दोन पानं टाइप करत होतो. संपलं तेव्हा छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वह्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. मी ओरडलो तर म्हणाले, "आता कॉम्प्युटरमध्ये आहे नं, मंग काऊन ठेवायच्या?" छापलेली प्रत फळीवर होती, ती वाळवीनं खाल्ली. उरली फक्त फाइल. दुसऱ्या संगणकावर ती उघडावी तर आत बाबांचं एक अक्षर दिसेना, नुसता रोमन अक्षरांचा, टिंबांचा आणि दांड्यांचा कचरा. तेव्हा प्रत्येक फॉन्टवाल्याचा हिशेब वेगळा होता. कोणाचा 'क' कुठल्या आकड्यावर बसवलाय ते त्याचं त्याला ठाऊक. मी माझ्या बोटांनी टाइप केलेले, माझ्या बापाचे शब्द, आणि त्यांची किल्ली तिसऱ्याच्या खिशात.

बाबांनी ती जळकी डबी मागून घेतली. पेचकस आणला, उलटी-सुलटी केली, कडेनं कानस घासून कवच उघडलं. आत काळी राळ ओतलेली, दगडासारखी घट्ट. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "याले उघडायची जागाच नाही ठेवली रे." ज्या माणसानं आयुष्यभर मिलचे माग खोलून बसवले, घरातली शिलाई मशीन, शेजाऱ्यांच्या कूलरचे पंप, पोस्टमनची सायकल खोलली, त्याच्या आवाजात तेव्हा रागापेक्षा नवल जास्त होतं. अशी वस्तू कोणी मुद्दाम बनवतं, हे त्यांना पटतच नव्हतं.

दोन वर्षांनी बाबा गेले. पुस्तक तसंच आत राहिलं.

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, नंदी होता, सागवानी, हातभर उंच. चाकं लाकडी, सहा घरं फिरेस्तोवर एक तरी निखळायचं आणि मी नंदी खांद्यावर टाकून रडत परत यायचो. मी दुसरीत असताना बाबांनी भंगारवाल्याकडून चार जुनी बेअरिंगं आणून त्याला बसवली. त्या वर्षी माझा नंदी खडखडत नव्हता, सरकत होता. बोजारा, म्हणजे घरोघरचा खाऊ-पैसा, मागायला मी सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी आळीतली पोट्टी आमच्या ओट्यावर जमली. बाबांनी नंदी पाठीवर उलटा केला आणि एकेकाला दाखवलं: आस किती जाडीचा, पाचर कुठून ठोकायची, ग्रीस किती लावायचं. पुढच्या वर्षी निम्म्या आळीचे नंदी बेअरिंगवर होते. त्यातल्या एकानं मागच्या चाकांना घुंगरू जोडले होते, म्हणजे नंदी चालला की वाजायचा. ते आम्हाला सुचलं नव्हतं. त्याच्या पुढल्या वर्षी आमच्याही नंदीला घुंगरू लागले. कोणी कोणाकडून काय घेतलं, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण घुंगरू कोणाचे हे आळीतलं प्रत्येक पोट्टं अजूनही सांगेल.

म्हणून रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरची प्रिंटरची गोष्ट वाचली तेव्हा मला त्यात बाबाच दिसले. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमाराला एक नवा लेसर प्रिंटर आला. कागद सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा कोड, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम ज्या ओळींनी लिहिलेला असतो तो मजकूर, हाताशी होता, म्हणून स्टॉलमननी त्यात स्वतः भर घातली होती: कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा आणि कोणीतरी उठून जायचं. नव्या प्रिंटरचा कोड दिलेलाच नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता त्याला ते जाऊन भेटले, तर त्यानं नाही म्हटलं. कोणाला देणार नाही असं तो लिहून देऊन बसला होता. समोर बिघाड दिसतोय, अंगात कसब आहे आणि तरी हात लावायची मुभा नाही, ह्याची तडफड फिटरच्या घरात वाढलेल्याला समजावून सांगावी लागत नाही. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी जीएनयूची, म्हणजे सगळ्यांना मोकळ्या असणाऱ्या संगणक-प्रणालीची, घोषणा केली. पुढे त्यातून चार स्वातंत्र्यं मांडली गेली, मोजणी शून्यापासून: प्रोग्रॅम हव्या त्या कामाला वापरायचा, आत काय आहे ते बघून बदलायचा, त्याच्या प्रती दुसऱ्याला द्यायच्या, आणि आपण सुधारलेलंही वाटायचं. आमच्या ओट्यावर त्या संध्याकाळी ही चारही होती.

माझ्या दुकानात हे सगळं टपालानं आलं. २००६ साली संध्याकाळी कामाला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका पोरानं माझ्या पत्त्यावर उबुंटूच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका मुक्त प्रणालीच्या, सीडी मागवल्या. महिना-दीड महिन्यानं पोस्टमन परदेशी तिकिटांचं पाकीट घेऊन दारात. पैसे नाहीत, टपालखर्चही नाही. "भाऊ, हे कोण पाठवून राहिलं फोकटात?" त्यानं विचारलं, आणि खरं तर मलाही तेच विचारायचं होतं. अशा सीडी २०११ पर्यंत जगभर जात राहिल्या. पाकिटावर बारीक अक्षरात छापलं होतं की ह्याच्या प्रती काढा, बदल करा, मित्रांना द्या, तुम्हाला तशी मुभा आहे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तोवर माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक सीडीवर ह्याच्या बरोबर उलट छापलेलं असायचं.

आणि त्या पोरानं सगळ्यात आधी काय टाकून दिलं, तर खेळ. फ्रोझन बबल. बर्फातला एक पेंग्विन रंगीत फुगे वर मारतो, तीन एका रंगाचे जुळले की ते गळून पडतात. एका फ्रेंच माणसाच्या, गिओम कोत्तनसो यांच्या हातचा. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचा: एकाची बोटं एक्स, सी, व्हीवर, दुसऱ्याची बाणांच्या कळांवर. भारनियमनाचे दिवस होते. दिवे गेले की दुकानात अंधार, फक्त यूपीएसवर एक संगणक, त्याची बॅटरी वीस मिनिटं टिकायची. त्या वीस मिनिटांत मी आणि बायको खांद्याला खांदा लावून फुगे फोडायचो. तिनं एकदम पाच-सहा पाडले की ते माझ्या अंगणात येऊन आदळायचे आणि ती टाळी वाजवायची. बाहेर बोळात लोक ओट्यांवर वारा घेत बसलेले, आत तो निळसर उजेड आणि फुग्यांचा टप-टप आवाज. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं मिळून कुठलाच खेळ कधी खेळलो नव्हतो.

तिचा धाकटा भाऊ अमरावतीहून आला की तोही बसायचा, पण हरायचा आणि चिडून उठायचा. त्याला लाल आणि हिरवा रंग सारखाच दिसतो, हे घरात कोणी फारसं बोलत नसे. एके दिवशी मी त्या खेळाची माहिती वाचत होतो, तर एक सोय सापडली: ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी वेगळे फुगे. ती लावून सुरू केलं तर प्रत्येक रंगाच्या फुग्यावर वेगळी खूण. मेहुणा खुर्चीत पुढे सरकला. त्या रात्री त्यानं आम्हा दोघांना लागोपाठ हरवलं. हजारो कोसांवर बसलेल्या कोणीतरी, पैसे मिळणार नसताना, माझ्या मेहुण्याचा विचार करून ठेवला होता. त्या खेळात गेल्या कित्येक वर्षांत नवं काही आलेलं नाही. पण तो बंद करण्यात आला आहे असा निरोप कोणी पाठवू शकत नाही. माझ्या संगणकावर तो आजही उघडतो.

पोस्टमनचा तो 'फोकटात' शब्द मात्र पुढे फार ऐकावा लागला. गिऱ्हाईक विचारतं, फुकटचं सॉफ्टवेअर वापरता का? इंग्रजीत ह्या लोकांची फार पंचाईत झाली आहे, कारण तिथं मोफत आणि मुक्त ह्या दोन्हींना एकच शब्द, आणि जन्मभर तो उलगडून सांगावा लागतो. आपल्याला ती अडचण नाही. फुकट म्हणजे हातात पडलं, संपलं. मुक्त म्हणजे दावं सोडलं. मोकळं पटांगण असतं, मोकळा श्वास असतो, मन मोकळं करायचं असतं, ह्यातलं काहीच फुकट नसतं. ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रं हलवायचा प्रोग्रॅम घ्या. तो ज्या कंपनीकडे होता ती बंद पडली. कपिलेचं झालं तेच त्याचं व्हायचं. पण मूळ बनवणारे टोन रोसेंडाल यांनी हक्कदारांशी बोलणी केली, आकडा ठरला १ लाख युरो, आणि वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत तो जमवला. ऑक्टोबर २००२ मध्ये कोड मोकळा झाला. लोकांनी वर्गणी काढून एका प्रोग्रॅमला सोडवून आणलं, ही गोष्ट मला आजही गणपतीच्या वर्गणीपेक्षा कमी पवित्र वाटत नाही.

सगळं गोड होतं असं मात्र म्हणणार नाही. स्कॅनर चालायला मला तीन आठवडे लागले. छापखाने अजूनही त्यांच्या ओळखीच्याच फाइली मागतात, म्हणून दुकानात एक संगणक मी जुन्या पद्धतीचाच ठेवला आहे. आणि ही मंडळी विनामोबदला राबताना थकतात, कोणी मधेच सोडून जातो, त्याची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. ते बघून मला अपराधी वाटतं, कारण मी घेतलं पुष्कळ आणि दिलं थोडं.

दिलं त्यातलं एक सांगतो. लग्नपत्रिकेत एक शब्द हमखास येतो, वऱ्हाड. एका खुल्या फॉन्टमध्ये तो मोडत होता. 'ऱ' च्या पायाशी हलंत लोंबकळायचा आणि 'हा' शेजारी वेगळा उभा, जसं लग्नात रुसून बसलेलं कोणी. हिंदीला ह्या जोडाक्षराची गरज पडत नाही, म्हणून बनवणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असणार. पूर्वी मी असा शब्द चित्रासारखा कापून-चिकटवून भागवला असता. पण हा फॉन्ट उघडता येत होता. फाँटफोर्ज नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो उघडला आणि पहिल्यांदा अक्षरांची हाडं पाहिली: 'श' ची गाठ कुठल्या बिंदूवर वळते, 'ल' चा मराठी आकार कुठं ठेवलाय, वेलांटीची कमान किती बिंदूंची. पंचवीस वर्षं ज्यांच्याशी रोजचं बोलणं, त्यांना आतून बघताना माझे हात खरोखर गार पडले होते. 'ऱ' आणि हलंत एकत्र आले की दोघांऐवजी ती नाजूक वळलेली रेघ काढायची, असा नियम लिहायचा राहिला होता. रेघेचं चित्र काढलं, नियम लिहिला, छापून बघितलं. पुन्हा वाकवली, पुन्हा छापली. बनवणाऱ्यांना पाठवून दिलं. त्या फॉन्टच्या परवान्याप्रमाणे बदललेल्या प्रतीला मूळ राखीव नाव लावता येत नाही, म्हणून माझ्या संगणकावरच्या प्रतीचं नाव मी 'वऱ्हाड' ठेवलं. ते नाव यादीत नीट जुळून दिसलं तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं. तिचं माहेरच ते.

हे जमलं आणि मग बाबांची फाइल आठवली. म्हणजे विसरलो कधीच नव्हतो, पण तिच्याकडे बघायची हिंमत आली. २०१४ मध्ये डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट नावाचं काम सुरू झालं होतं. ज्या प्रोग्रॅमांना आता कोणी वाली नाही त्यांच्या जुन्या फाइली आतून कशा बांधलेल्या आहेत हे उकलून त्या वाचण्याची साधनं ही मंडळी बनवतात, आणि ती लिब्रेऑफिस या लिखापढीच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये बसवली जातात. फॉन्टचं काम झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका रात्री मी श्वास रोखून ती फाइल लिब्रेऑफिसला दिली. पानं उघडली. अक्षरं अजून कचराच, पण पानं तीच, परिच्छेद तेच, बाबांनी सांगितलं म्हणून मी मधे सोडलेली ओळ तिथंच. मग अक्षरं सोडवायला घेतली. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या एकाच हिशेबात, आणणारा एक खुला प्रोग्रॅम मिळाला, पण त्याचा तक्ता दुसऱ्याच फॉन्टचा. एकेक आकडा शोधून मी माझा तक्ता भरत गेलो. गंमत अशी की जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी कागदावर दिसते तशी, आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट. म्हणजे नुसती अदलाबदल पुरेना, शब्दात मागे-पुढे करावं लागे. 'मिल' हा शब्द पहिल्यांदा सरळ उमटला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

दोन महिने लागले. अनुस्वाराची एक जोडी तक्त्यात चुकली होती, म्हणून सगळीकडे 'मिलचा भोंगा' ऐवजी 'मिलचा भोगा' येत होतं. ते दुरुस्त करून पुन्हा चालवलं आणि वाचायला बसलो. पहिल्याच पानावर बाबांनी लिहिलं होतं की पहाटेचा भोंगा झाला की आई अंथरुणातूनच विचारायची, डबा घेतला का. हे मी स्वतः टाइप केलं होतं आणि पार विसरलो होतो. त्या रात्री मी पुढे वाचू शकलो नाही.

हे सगळं भाचीला कसं सांगणार? म्हणून सांगितलं नाही. आइसकांडीच्या दुसऱ्या दिवशी जुना लॅपटॉप काढला आणि तिला लुआंटी लावून दिला. पेर्तू अहोला या फिनलंडच्या माणसानं २०१० मध्ये सुरू केलेला, ठोकळ्यांच्या जगाचा प्रकार. आधी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. त्याच्या आधी तिला ० ए.डी. हा लढायांचा खेळ दाखवला होता, मौर्यांचं सैन्य, हत्ती आणि अशोक असलेला. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या पोरीला सम्राट अशोक कोण हे सांगावं लागलं नाही. पण लढाईत तिचं मन रमेना. हत्तींना ओझं वाहायला लावतात म्हणून वाईटही वाटलं. ठोकळ्यांच्या जगात मात्र ती दोन तासांत विहीर खणून मोकळी झाली. जनावरांची भर घालणारा एक भाग मी जोडून दिला, गोठा तिनं बांधला. गाय पांढरी मिळेना, तपकिरी मिळाली. "चालते," ती म्हणाली, पण चेहऱ्यावर दिसत होतं.

मग झाडांवर अडलं. तिथं सफरचंदं. नागपूरला आजोळ आणि दारात सफरचंदाचं झाड, हे तिला मान्यच नव्हतं. मी तिला फोल्डर उघडून दाखवलं. त्यात सफरचंदाचं चित्र होतं, आडवे १६ आणि उभे १६ एवढ्या चौकोनांचं, नखाएवढं. गिंप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये मोठं करून दिलं. तिनं जीभ दाताखाली धरून एकेक लाल चौकोन नारिंगी केला, वरचा देठ हिरवा ठेवला, एका बाजूला जरा फिकट रंग दिला, "ऊन लागते नं तिथून." साठवलं, खेळ पुन्हा उघडला. टेकडीवरची, नदीकाठची, तिनं अजून न पाहिलेल्या रानातली सगळी झाडं संत्र्यांनी भरली होती. ती काही बोललीच नाही. खुर्चीवरून उतरली, आत जाऊन आजीला हात धरून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी गायीचं चित्रही तिनं स्वतःच शोधलं. तिसऱ्या दिवशी मी तिला सेटिंगमधलं गुरुत्वाकर्षण दाखवलं. तिथं आकडा लिहिलेला असतो, ९.८१, जो तिला पुढे शाळेत भेटेल. तो २ केला, तर उडी मारली की ती झाडाच्या वर जाऊन पिसासारखी खाली यायची. आठ दिवस आमच्या घरात दुपारी मोबाइल कोणी मागितला नाही. जायच्या आदल्या रात्री तिनं विचारलं, "हे कुठं असते मामा? म्हणजे खरं कुठं?" मी तिच्या जगाचं फोल्डर दाखवलं, ते पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं आणि मूळ खेळही सोबत दिला. गणेशपेठच्या स्टँडवर यवतमाळच्या एसटीत चढताना तिनं कंपासपेटी उघडून पेन ड्राइव्ह आहे ना ते दोनदा बघितलं.

संध्याकाळी फोन आला. "मामा, उघडलं. कपिला हाय." मागून ताईचा आवाज, आधी पोचलो म्हणून तर सांग. मग भाची म्हणाली की तिनं ९.८१ परत केलं, कपिला उडते ते बरं दिसत नाही. आणि आणखी एक. गोठ्यावर तिनं पाटी लावली, कपिला, संत्री, असं लिहिलं. "कपिला बरोबर नाही येऊन राहिलं, वेलांटी मागे जाते. अन् संत्रीमधला त्री तुटते. तू करशील नं नीट?"

मी माझ्या संगणकावर लावून पाहिलं. खरंच होतं. त्या खेळात देवनागरीची जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते. इतके दिवस शेजारी बसून माझ्या लक्षात आलं नव्हतं. जेवणं झाल्यावर मूळ कोड उतरवायला लावला, तोवर कूलरमध्ये पाणी भरून आलो, आणि अक्षरं पडद्यावर मांडणारी फाइल कुठली, ते शोधायला बसलो.